मान

समितीचं म्हणणं, पुतळा पूर्णाकृती हवा,
उजवा हात वर, मूठ आवळलेली,
आणि चेहरा शक्यतो करारी.
मी विचारलं, चेहरा पाहिलाय कुणी?
श्रीमती सेंट रोज यांनी चष्मा पुसला.
फोटो नाही. चित्र नाही.
कोळसा कंपनीच्या वहीत एक ओळ फक्त:
फिलोमेन ऑक्टाव, टोपल्या एकशे बारा,
आणि पुढच्या पानावर त्याच नावावर
आडवी रेघ.

एवढ्या भांडवलावर
महोगनीचा ओंडका पुढ्यात घेऊन बसलोय
कास्त्रीच्या धक्क्यामागे, वेल्डिंगच्या दुकानाला लागून.
तीन आठवडे.
लाकूडसुद्धा कंटाळलं असेल माझ्या तोंडाकडे बघून.

शेवटी ग्रो-झिलेला गेलो, मा टितिनकडे.
वय त्र्याण्णव. फिलोमेनच्या भाचीची लेक.
ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती.
"चेहरा?" वर न बघताच म्हणाली,
"चेहरा कुठला दिसायला, बाबा.
कोळशाची भुकटी पापण्यांपर्यंत.
आई सांगायची, शनिवारच्या आंघोळीपर्यंत
घरचं कुत्रंही भुंकायचं तिच्यावर."

मग त्या दिवसाचं सांगा, म्हटलं.
मोठं भाषण केलं म्हणे तिनं.

म्हातारी हसली. वाळकी शेंग तडकावी तशी.
"भाषण? डोक्यावर सव्वा मण,
तोंड उघडलं तर घशात काळं.
ती फळीवर थांबली. एवढंच.
धक्का आणि जहाज यांच्या मधोमध,
खाली पाणी, मागे साठ बाया.
एका टोपलीला एक तांब्याचं बिल्लं मिळायचं
आणि मुकादम सकाळपासून
दहाला नऊ देत होता.
ती वळली नाही, उतरली नाही, ओतलं नाही.
उभी राहिली.
मागची थांबली. तिच्या मागची थांबली.
जहाजानं भोंगा दिला. परत दिला.
ऊन डोक्यावर आलं, म्हणजे टोपलीवर आलं.
खाली कुणीच ठेवली नाही हो.
ठेवली असती तर म्हणाले असते, काम सोडलं.
काम कुठं सोडलं होतं?
फक्त पुढं नेलं नव्हतं."

आणि हात? उजवा हात वर होता?
"दोन्ही वरच होते की. टोपली कोण धरणार,
तुझी समिती?"

दहाला दहा मिळू लागले. महिनाभर मिळाले.
तिच्या नावावर रेघ त्याच आठवड्यातली.
पुढे बाजारात कोकोच्या कांड्या विकायची,
डोक्यावर सवयीनं चुंबळ,
लाल-पिवळ्या मद्रास कापडाची,
वर काहीच नसताना.

निघालो तर मा टितिननं बाही धरली.
"मी लहान होते, तिच्या कुशीत झोपायचे.
मानेमागे गाठ होती तिच्या,
जायफळाएवढी, टणक.
वादळाच्या रात्री मी ती मुठीत धरायचे.
झोप लागायची."
आणि परत शेंगा.

मिनीबसमध्ये अख्खी वाट
पुढच्या सीटवरच्या माना बघत आलो.
एका पोराच्या मानेवर शाळेची शाई,
एका नर्सच्या मानेवर घामाची बारीक साखळी.
कुणीही मागे वळून पाहिलं नाही, बरं झालं.

काल श्रीमती सेंट रोज येऊन गेल्या.
ओंडक्याभोवती फिरल्या. पुन्हा फिरल्या.
समोरून तर काहीच नाही, म्हणाल्या,
तुम्ही मागूनच सुरुवात केलीय.
लोक समोरून बघतील ना?
मग वळसा घालतील, मी म्हटलं.
त्या गप्प. मग जरा हळू आवाजात:
आपल्याला तिला मान द्यायचाय हो.
म्हटलं, तीच कोरतोय.

त्या रागावल्या की काय, कळलं नाही.
जाताना भुसा मात्र पायानं नीट बाजूला सारला.

चेहरा आत राहू दे, लाकडात, निवांत.
आज चुंबळीच्या खालचा भाग धरलाय.
खिशात जायफळ आहे, मापाला.
चाललं की कवचात वाजतं.